आधी खडकातून, मग हवेतून

शहादेवबाबानं उजवा हात वर केला आणि पंजा उघडा ठेवून तसाच उभा राहिला. शाळेच्या पटांगणात, उघड्या खडकावर, अनवाणी. मी मोटरसायकल लावत होतो. म्हटलं, म्हातारा कुणाला तरी बोलावतोय. मागं वळून बघितलं तर कुणीच नाही. आणि मग धडाड् करून तो आवाज आला. पत्रे थरथरले, बगळे उडाले, बायका लेकरं काखोटीला मारून घराबाहेर पळाल्या.

बाबानं हात खाली घेतला आणि मला विचारलं, "आला का?"

मी मान हलवली. कारण त्याला आवाज येत नाही. ठार बहिरा आहे तो. वीस वर्षं विहिरींवर आणि खाणीत कॉम्प्रेसरचं मशीन पोटाशी धरून त्यानं खडकाला भोकं पाडली, त्यात कान गेले. कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कुणी दिला नाही. आता त्याच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून ओठ मोठे हलवायचे, नाहीतर त्याच्या बायकोला, पारूबाईला मधे घ्यायचं.

आणि ह्या माणसाला गावाच्या आधी कळलं होतं की आवाज येणार आहे.

मी विहिरींच्या जळालेल्या मोटारी नव्या तारा गुंडाळून बांधतो. बारावी सायन्सला दोनदा नापास झालो, पण पुस्तकं फेकली नाहीत. रद्दीतून आणखी आणतो आणि वाचतो. देव-भूत मी मानत नाही. तरी त्या दिवशी माझ्या मानेवर काटा आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमचं गाव पालीच्या पुढं, डोंगराला चिकटून. गणपती बसले त्या आठवड्यात हे आवाज सुरू झाले. आठवड्याला दोन-तीन, दुपारी चारच्या पुढं. आवाज यायचा उगवतीच्या देवीच्या डोंगरातून. सगळ्या गावानं कान देऊन ऐकलं आणि सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या गावाचं गटारीवर एकमत होत नाही, ह्याच्यावर झालं! देवी कोपली. मग डोंगरावर नैवेद्य सुरू. आवाज आला की दुसऱ्या दिवशी पुरणपोळी वर. कुत्री इतकी माजली की पोळीकडं बघेनात.

साहेब लोक आले. गाडीतून अर्धेच उतरले आणि 'भूगर्भातील हालचाल' असा कागद लिहून गेले. त्या कागदाच्या शेवटी एक ओळ होती: शाळेच्या छताला भेग आहे, पुढील आदेशापर्यंत शाळा बंद ठेवावी.

ती ओळ पडली शहादेवबाबाच्या घरावर. त्याचा मुलगा पवन आणि सून माया दरवर्षी ऊसतोडीला जातात. नात आरोही सातवीला. शाळा होती म्हणून ती आतापर्यंत आजा-आजीजवळ राहिली. शाळाच बंद म्हटल्यावर पवन म्हणाला, "हितं बसून काय करनार? चलू द्या संगं. बारक्याला सांभाळंल, भाकरी टाकंल." टोळीचा ट्रक दसऱ्यानंतरच्या सोमवारी निघणार होता. आणि एकदा पोरगी फडात गेली की तिचं पुढं काय होतं, हे आमच्या बीड जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. दोन सीझन, की मांडव. पारूबाईचं स्वतःचं तसंच झालेलं. ती मला म्हणाली, "तानाजी, काय बी कर, पर शाळा उघडली पायजे. सोमवारच्या आत."

म्हणून मी त्या पटांगणात घिरट्या घालत होतो. आणि म्हणूनच म्हातारा तिथं उभा होता.

हात वर केल्याची बातमी दोन दिवसांत गावभर झाली. तिसऱ्या दिवशी बाबाच्या दारात रांग! बौद्धवाड्यात! माझ्या स्वतःच्या घरात अजून त्याला वेगळ्या पेल्यात चहा देतात, हे मी शरमेनं लिहितो. आणि त्याच घरातली माझी चुलती हळदी-कुंकवाचं ताट घेऊन त्याच्या पाया पडायला उभी. माणूस म्हणून शिवायचा नाही, देव झाला की पाय धरायचे. असली आमची जात.

रांगेच्या पुढं अर्जुनराव. गावाचे पुढारी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मावळतीला माळाच्या पलीकडं त्यांची खडीची खाण होती, तिला दोन वर्षांमागं वरून हुकूम येऊन कुलूप लागलं. तेव्हापासून अण्णा देवाधर्मात जास्त.

"शहादेव," अण्णा नारळ पुढं करत म्हणाले, "तुझ्या अंगात आईचं वारं हाय. तू फकस्त येवढं सांग, आई काय म्हनती? शाळा तिथनं हलवा म्हनती का?"

पारूबाईनं हातवारे करून सांगितलं. बाबा मोठ्यानं बोलतो, बहिऱ्या माणसासारखं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"अण्णा, मी बुद्धाचा मानूस. माझ्या अंगात माझंच रगत हाय, दुसरं कुनी न्हाई. मला पायातनं कळतंय. धक्का मावळतीकडनं येतो."

"मावळतीला काय हाय बे? सगळा गाव उगवतीकडनं ऐकतोय!"

"गावाला कान हायेत," बाबा म्हणाला, "म्हनून चुकतोय गाव."

रांगेतले हसले. अण्णा हसले नाहीत. नारळ तिथंच ठेवून गेले. पारूबाईनं तो फोडून चटणी केली.

शुक्रवारी रोहिणी मॅडम आल्या. धक्के मोजणाऱ्या संस्थेतून, एकट्या, पाठीवर मशीन घेऊन. शाळेत लाईट नव्हती म्हणून हेडमास्तरांनी मला बॅटरी घेऊन बोलावलं. मशीन केवढं? डबड्याएवढं. खडकावर प्लास्टर लावून बसवलं, वायर लॅपटॉपला जोडली. पडद्यावर तीन रेघा सरकायला लागल्या. एक खाली-वर हलणं दाखवते, एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम.

मी म्हटलं, "मॅडम, आमच्याकडं एक मशीन आधीपासनं हाय." आणि बाबाला पुढं केलं. त्यांनी मान डोलावली, जशी शहरातली माणसं आमच्याकडं बघून डोलावतात तशी. बाबा खाली बसला, तळहात खडकावर टेकवला.

साडेचार वाजले. पारूबाईनं चहा आणला होता. बाबानं अचानक बोटानं दोनदा ठोकलं. टक्. टक्. मधे अगदी थोडं अंतर, हलगीच्या दोन थापांमधे असतं तेवढं. आणि त्याच वेळी पडद्यावरच्या रेघा उसळल्या. एकदा बारीक. मग लगेच दुसऱ्यांदा, मोठ्या.

मॅडमचा कप तोंडापर्यंत गेला नाही. मी मोबाईलवर सेकंद मोजत होतो. सात. आठ. नऊ. धडाड्!

मॅडमनी पडद्यावरच्या त्या दोन उसळ्या बोटानं मोजल्या, मग बाबाच्या बोटाकडं बघितलं. मग पारूबाईकडं वळून म्हणाल्या, "ह्यांना विचारा, दोन वेळा का ठोकलं?"

"कावून म्हंजी?" बाबा म्हणाला. "दोनच येत्यात. पयला ढकलतो. दुसरा हिसकतो. पयला लई पळतो, पर दम कमी. दुसरा मागनं येतो, पर हाडं हलवतो. लांबचा सुरुंगाचा बार आसंल तर दोघांत जास्त वेळ, जवळचा आसंल तर कमी. खानीत आमी ह्याच्यावरनंच सांगत व्हतो, कुठल्या विहिरीवर बार उडाला."

मॅडम खाली बसल्या. खुर्ची होती तरी खडकावरच बसल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी ओठ मोठे हलवून, सरळ त्याच्याकडं तोंड करून, "मला हे शिकायला पाच वर्षं लागली."

मी हे सगळं पुस्तकात वाचलं होतं. पाठसुद्धा होतं. पण पाठ असणं आणि कळणं ह्यात किती अंतर आहे ते मला त्या संध्याकाळी दिसलं. मॅडमनी शेजारच्या गोठ्यातून बैलाचा कासरा मागवला. एक टोक लिंबाला बांधलं, दुसरं बाबाच्या हातात दिलं. बाबानं हिसका दिला. कासऱ्यातून एक उंचवटा पळत लिंबापर्यंत गेला आणि तिथं आपटून परत आला. मॅडम म्हणाल्या, "कासरा कुठं गेला?"

"कुठं जातोय? जाग्यावरच हाय," पारूबाई म्हणाली.

"मग गेलं काय?"

पारूबाईनं कासरा हातानं चाचपून बघितला. मीही. गेलं काय? कासऱ्याची एक तार पुढं सरकली नाही, लिंबाचं पान इकडं आलं नाही. पण काहीतरी नक्की गेलं आणि परतसुद्धा आलं. फक्त हिसका गेला. वस्तू जागेवर, नुसती हालचाल प्रवासाला! पालीच्या धरणात लहानपणी दगड टाकून मी हजार वेळा बघितलंय. पान जागेवर वर-खाली होतं आणि लाट काठाला लागते. बघितलं होतं. पण कधी 'बघितलं' नव्हतं.

"हा दुसरा धक्का," मॅडम म्हणाल्या. "लाट पुढं, हलणं आडवं. आणि पहिला?"

"रेशनची रांग," बाबा म्हणाला. त्यानं मॅडमचे ओठ वाचले होते. "मागचा रेटा देतो, रेटा म्होरच्यापतूर जातो. मानसं जाग्यावर. रांग पुढं जात न्हाई, रेटा जातो. राकेल तर मिळतच न्हाई."

मॅडम हसल्या, खूप हसल्या. मग म्हणाल्या की हवेत हिसका चालत नाही, कारण हवेचे कण एकमेकांना धरून नसतात, त्यांना आडवं ओढणार कोण? हवेत चालतो फक्त रेटा. आपण ज्याला आवाज म्हणतो तो हा रेटाच. खडक घट्ट, म्हणून त्यातून तो सेकंदाला चार-पाच किलोमीटर पळतो. हवा ढिली, तिच्यातून किलोमीटरला तीन सेकंद घेतो. म्हणून आधी खडक सांगतो, मग हवा. "आणि उजेडाला," त्या मावळतीकडं बघत म्हणाल्या, "उजेडाला तर कासराही लागत नाही. मधे काहीच नसलं तरी येतो."

शाळेच्या भिंतीवर तेव्हा ऊन पडलं होतं. मी त्या उन्हाकडं असा बघत राहिलो जसं ते पहिल्यांदाच पडलंय. इतकी वर्षं ते कशावरही न टेकता येत होतं आणि मी खाली मान घालून तारा गुंडाळत होतो.

पण हिशेब जुळेना. दोन धक्क्यांमधल्या अंतरावरून मॅडमनी काढलं, सुरुंग दोन किलोमीटरवर आहे. सुरुंगच, कारण भूकंप कुठं ढकलतो, कुठं ओढतो. सुरुंग सगळीकडं बाहेरच ढकलतो. आणि पहिला रेटा उगवतीच्या दिशेला होता, म्हणजे सुरुंग मावळतीला. बाबा म्हणत होता तेच. पण आवाज नऊ सेकंदांनी आला, म्हणजे तो तीन किलोमीटर चालून आला. आणि तोही उलट्या बाजूनं! एक किलोमीटर वाढला कुठून?

मी डोंगराकडं बघितलं. देवीचा डोंगर शाळेपासून अर्धा किलोमीटर. सरळ उभा कडा. अर्धा जायला, अर्धा यायला.

"मॅडम," मी ओरडलोच, "आवाज आपल्याकडं येतच न्हाई! मधे माळाचा उंचवटा आडवा हाय. तो वरनं जातो, कड्यावर आपटतो आन् तिथनं परत येतो. कासऱ्यासारखा!"

दीड महिना आमचं गाव प्रतिध्वनीला पुरणपोळी खाऊ घालत होतं.

मावळतीला दोन किलोमीटरवर काय आहे हे सांगायला मशीन नको. कुलूप अण्णांच्या खाणीच्या पुढच्या फाटकाला होतं. मागं खोल खड्डा, आणि खडी मागच्या रस्त्यानं दुसऱ्या तालुक्यात. हे अण्णांच्या दहा माणसांना माहीत होतं. दहाही गप्प होते. आणि शाळा हलली की तिच्या भेगेच्या निमित्तानं इकडं धक्के मोजायला कुणी येणार नव्हतं.

रविवारी अण्णांनीच गावाची बैठक बोलावली. विषय एकच: शाळा कायमची हलवायचा ठराव. पटांगणात सगळा गाव. मॅडमनी उभं राहून नकाशा दाखवला. कुणी ऐकलं नाही. अण्णा माईकवर म्हणाले, "ताई शिकलेल्या हायेत. पर माझ्या खानीला दोन वर्सं कुलूप हाय. मशीन बिघडतं. आन् ह्या बहिऱ्याचं काय सांगता?"

मग बाबा उठला. त्याला माईक लागत नाही.

"सकाळधरनं पाच मशिनी खडकात होल मारत्यात. मला पायात गुनगुन येतीया. दुपारी बारा वाजता गुनगुन थांबली. म्हंजी होल झाले, आता दारू भरली. आन् भरलेला बार कुनी उद्यासाठी ठेवत न्हाई. ठेवताच येत न्हाई. सूर्य बुडायच्या आत तो उडवावाच लागतो. वीस वर्सं मी हेच केलंय, अण्णा, तुमच्याच खानीत. आज बार उडनार. खाली बसा समदे आन् हात टेकवा."

कुणी हलेना. मग आरोही बसली, आजाच्या शेजारी. मग पारूबाई. मग, का कुणास ठाऊक, माझी चुलती. आणि मग हळूहळू सगळं गाव, पाटील, महार, मांग, धनगर, त्या एका खडकावर तळहात टेकवून बसलं. ह्या खडकावर आमच्या आज्या-पणज्यांनी कधी एकत्र पाय ठेवला नव्हता.

अण्णा बाजूला जाऊन फोन लावत होते. मी त्यांच्या मागंच उभा होतो. "थांबवा," ते म्हणत होते. "आज नको, थांबवा." पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण अण्णांचं तोंड बघितलं आणि मला कळलं की बार भरून झालाय.

वाट बघणं लांबलं. पोरं चुळबुळली. एकजण म्हणाला, "बहिऱ्याच्या नादी लागून समदं गाव रांगायला लागलं." हशा झाला. बाबानं ऐकलंच नाही, तो डोळे मिटून होता. मी मात्र मावळतीच्या सूर्याकडं बघितलं. आज काही झालं नसतं तर उद्या ट्रक होता.

आणि मग हाताखाली खडक जिवंत झाला.

दुसरा शब्द माझ्याकडं नाही. टक्. मग लगेच टक्. एवढंच. मुंगीनं अंग झाडावं तेवढंच. पण तीनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला, तो मला ऐकू आला. पायाखालचा अख्खा माळ, दोन किलोमीटर दगड, त्यातून कुणीतरी आम्हाला धक्का दिला होता, आणि एक दगडही जागचा हलला नव्हता.

"मोजा!" मी ओरडलो. आणि गाव मोजायला लागलं. म्हातारे, पोरं, बायका. तीन. चार. आवाज वाढत गेला. सहा. सात. कुणी रडत होतं. आठ. नऊ!

धडाड्.

सगळ्या माना डोंगराकडं वळल्या, सवयीनं. मग एकेक करून मावळतीकडं फिरल्या. आणि शेवटी अण्णांकडं.

त्यानंतर जे झालं ते वर्तमानपत्रात आलं नाही, म्हणून मी लिहितो. दीडशे माणसं चालत खाणीवर गेली. कुणी दगड मारला नाही. नुसती खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली, अंधार पडेपर्यंत. मशिनी मागच्या रस्त्यानं निघून गेल्या. मॅडमनी त्याच रात्री लिहून दिलं की शाळेखाली भूकंप नाही, छताची भेग पावसाची आहे, दुरुस्ती होईस्तोवर वर्ग पटांगणात भरवावेत. हेडमास्तर घाबरट माणूस, पण गावासमोर त्यांनी किल्ली काढली. साहेब लोकांचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही. येणारही नाही. आलंच तर ते मॅडमच्या बदलीचं येईल.

सोमवारी सकाळी ट्रक आला. पवन रविवारी मुकादमाकडं होता, त्यानं काहीच बघितलं नव्हतं. त्यानं गाठोडी वर चढवली, आरोहीचंही. ती वर बसून होती, रडत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

"बाबा, लोकाचं सोडा," तो म्हणाला. "उद्या छत पडलं तर? पोरगी माझी हाय."

बाबानं त्याचा हात धरला आणि शाळेच्या फाटकाजवळ नेऊन खडकावर दाबला. टोळीतली माणसं ट्रकवरून बघत होती. "बघ," बाबा म्हणाला. "कुठं बी होल मारायचं काम न्हाई. मावळतीला समदं गप हाय. दीड महिन्यात पयल्यांदा."

पवन उकिडवा बसून राहिला. मुकादमानं हॉर्न दिला.

"मला काय बी कळंना, बाबा."

पारूबाईनं हातवारे केले. बाबानं मान हलवली.

"तुला न्हाई कळनार. तुझे पाय बुटात हायेत. मला कळतंय. पुरे का न्हाई?"

पवननं बापाकडं बघितलं. वीस वर्षं खाणीत उभा राहिलेला माणूस, काळे, भेगाळलेले पाय. मग उठला, ट्रकच्या फाळक्यावर चढला, सगळ्यांत वरचं आरोहीचं गाठोडं ओढून खाली टाकलं आणि पोरीला म्हणाला, "उतर. उशीर व्हतोय तुला."